डिप्रेशनची गोळी लागू पडायला इतके आठवडे का लागतात? मेंदूतल्या ‘ग्लिया’ पेशी समजून घेऊया

“सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली, म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्या हा सगळा फ्रॉड आहे.” अशा अर्थाचं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. रील अर्ध्या मिनिटात संपतं. पण ते बघणाऱ्यांमध्ये अशीही मुलं-मुली असतात, ज्यांनी आठ-दहा दिवसांपूर्वीच डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सुरू केलेली असते. फरक अजून काहीच नाही, उलट सकाळी मळमळतं. अशा वेळी हे रील म्हणजे गोळी बंद करायला मिळालेलं आयतं कारण.

गंमत अशी की रीलचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा अर्धा चुकीचा आहे. आणि या दोन अर्ध्या भागांच्या मधे मेंदूतल्या अशा पेशी आहेत ज्यांच्याबद्दल शाळेत आपण एखादं वाक्य वाचलं असेल, नसेलही. त्यांचं नाव ग्लिया. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी हे इथे मिळणार नाही. गोळी घेतल्यावर आत काय चालत असावं, त्यातलं किती माहीत आहे आणि किती अजून अंदाज आहे, एवढंच सोप्या भाषेत मांडतो.

रीलमधलं खरं काय, खोटं काय?

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर सायकिअट्री’ या जर्नलमध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा होता की सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं, याला ठोस आणि सातत्याने सापडणारा पुरावा नाही. इथपर्यंत रील बरोबर आहे.

पण या आढाव्याने गोळ्या काम करतात की नाही हे तपासलंच नव्हतं. तो प्रश्न वेगळा आणि त्याचा अभ्यासही वेगळा. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात तपासलेली सर्व २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, सरस ठरली. फरक फार मोठा नव्हता, सगळ्यांना सारखा फायदाही नव्हता. पण फरक होता.

साधं उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल घेतली की ताप उतरतो. म्हणून ताप हा शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आला, असं आपण म्हणत नाही. उलट, ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेमुळे आला नव्हता हे कळलं म्हणून गोळी निकामी आहे, असंही म्हणत नाही. रील नेमकी ही दुसरी चूक करतं.

मग गोळी नेमकं करते काय?

मूळ कहाणीतली अडचण

१९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड नावाचं औषध वापरून बघत होते. खंगलेले रुग्ण अचानक उत्साही झाले, त्यांना भूक लागू लागली, ते वॉर्डात हसू-बोलू लागले. पुढे कळलं की हे औषध मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन अशी संदेश पोहोचवणारी रसायनं वाढवतं. त्यावरून तर्क असा निघाला: वाढवल्यावर बरं वाटतं, म्हणजे आधी कमी असणार. ‘केमिकल इम्बॅलन्स’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो याच तर्काच्या जोरावर. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली. नंतर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम वगैरे आली. ही सगळी औषधं न्यूरॉनच्या बाहेर पडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारा पंप अडवतात.

अडचण वेळेची आहे. गोळी पोटात गेल्यावर हा पंप काही तासांत अडतो. पण माणसाला स्पष्ट फरक जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे लगेच खटकेल. बटण दाबलं, सर्व्हरकडे रिक्वेस्ट त्याच क्षणी पोहोचली, पण उत्तर महिन्याने आलं, तर मधे दुसरं काहीतरी मोठं काम चालू असणार हे उघड आहे. ते काम कुठे चालतं, हे शोधताना संशोधकांचं लक्ष न्यूरॉनवरून त्याच्या शेजाऱ्यांकडे गेलं.

ग्लिया म्हणजे कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी न्यूरॉनच्या मधल्या मोकळ्या जागेत भरलेल्या पदार्थाला ‘न्यूरोग्लिया’ असं नाव दिलं. ग्लिया म्हणजे डिंक. विटांच्या मधला चुना असावा तसं काहीतरी, अशी ती कल्पना होती. नाव चिकटलं आणि पुढची शंभरएक वर्षं या पेशी ‘नुसता आधार देणाऱ्या’ म्हणून बाजूला राहिल्या.

‘मेंदूत न्यूरॉनपेक्षा दहापट ग्लिया असतात’ हे वाक्य अजूनही अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजणी केली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आणि सुमारे ८,५०० कोटी इतर पेशी निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे.

या इतर पेशींत तीन प्रकारच्या ग्लिया आपल्या कामाच्या.

ॲस्ट्रोसाइट. ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेल्या पेशी. यांचं एक मोठं काम म्हणजे ग्लुटामेट आवरणं. ग्लुटामेट हे मेंदूतलं मुख्य उत्तेजक रसायन. दोन न्यूरॉन जिथे एकमेकांशी बोलतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तिथे ग्लुटामेट सुटतं, संदेश पोहोचतो आणि मग ते लगेच उचललं जावं लागतं. साठलं तर न्यूरॉनला इजा होते.

रायगडातल्या वाचकांसाठी याला एक चपखल उदाहरण आहे. पेण तालुक्यात खाडीकाठच्या खार जमिनींना बांध घातलेले असतात आणि बांधात उघाडी असते. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि ओहोटीला शेतात साठलेलं जादा पाणी बाहेर सोडायचं, हे उघाडीचं काम. भाताला पाणी लागतंच, पण उघाडी बिघडली तर तेच पाणी पीक कुजवतं. ग्लुटामेटच्या बाबतीत ॲस्ट्रोसाइट हेच काम करतात. शिवाय जादा ग्लुटामेट ते नुसतं फेकून देत नाहीत, त्याचं ग्लुटामिन करून न्यूरॉनला परत वापरायला देतात. त्यांच्या काही फांद्या रक्तवाहिन्यांना टेकलेल्या असतात, तिथून ते न्यूरॉनला इंधनही पुरवतात. माणसाचा एक ॲस्ट्रोसाइट अडीच लाखांपासून वीस लाखांपर्यंत सिनॅप्सच्या संपर्कात असू शकतो.

मायक्रोग्लिया. मेंदूतले सफाई कामगार आणि वॉचमन एकाच वेळी. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये यांना वेगळ्या पेशी म्हणून ओळख दिली. मेलेल्या पेशी उचलणं, जंतू दिसला तर सूज निर्माण करणारी रसायनं सोडणं, नको असलेले सिनॅप्स छाटणं ही त्यांची कामं.

ऑलिगोडेंड्रोसाइट. न्यूरॉनच्या लांब तारेवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी. चार्जरच्या वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. वेष्टण नसलेल्या बारीक तारेत संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर जातो. जाड, मायलिन असलेल्या तारेत हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचतो.

फोनच्या भाषेत सांगायचं तर न्यूरॉन म्हणजे स्क्रीनवर दिसणारं ॲप आणि ग्लिया म्हणजे मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस. मेमरी मोकळी करणं, बॅटरी सांभाळणं, सिक्युरिटी. ॲप हँग होतं तेव्हा आपण ॲपला शिव्या देतो, पण दोष कधीकधी मागच्या सर्व्हिसमध्ये असतो. इथे उपमा थांबवतो, कारण फोनमधली सर्व्हिस ॲपला खाऊपिऊ घालत नाही. ग्लिया घालतात.

डिप्रेशनशी यांचा संबंध आहे हे कशावरून?

१९९८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कपाळामागच्या भागातला, भावना आवरण्याशी संबंधित असा एक छोटा पट्टा त्यांनी तपासला. घराण्यात डिप्रेशनचा इतिहास असलेल्या रुग्णांमध्ये या पट्ट्यात ग्लियांची संख्या बरीच कमी होती. न्यूरॉनची संख्या मात्र तशी घटलेली नव्हती. इतर टीमनाही पुढच्या काळात मेंदूच्या अशाच भागांत ग्लिया कमी दिसल्या.

पण कोंबडी आधी की अंडं? डिप्रेशनमुळे ग्लिया घटल्या, की ग्लिया घटल्यामुळे डिप्रेशन आलं? मृत्यूनंतरच्या मेंदूवरून हे सांगता येत नाही.

यासाठी अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात मुनिरा बनास्र आणि रोनाल्ड ड्यूमन यांनी २००८ मध्ये केलेला प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात असं रसायन सोडलं जे मुख्यतः ॲस्ट्रोसाइटना मारतं. उंदीर ‘मी उदास आहे’ असं सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वागण्यावरून अंदाज घेतात. साखरेचं पाणी समोर असून तो पीत नाही, सुटकेची धडपड लवकर सोडतो, अशा गोष्टी मोजतात. ॲस्ट्रोसाइट मारलेले उंदीर हे सगळं करू लागले, अगदी दीर्घकाळ ताण दिलेल्या उंदरांसारखं. आणि त्याच जागी ॲस्ट्रोसाइटऐवजी न्यूरॉन मारले तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे निदान उंदरांमध्ये तरी ग्लिया घटणं हे एकटं कारण पुरेसं ठरलं.

२०१३ मध्ये चीनमधल्या एका टीमने दुसऱ्या बाजूने पुरावा दिला. ॲस्ट्रोसाइट एटीपी नावाचा रेणू बाहेर सोडतात. पेशीतलं इंधन म्हणून आपण तो बारावीला शिकलो, पण पेशींबाहेर तो निरोप्याचंही काम करतो. उदास वागणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हे बाहेरचं एटीपी कमी होतं. ते वाढवल्यावर वागणं सुधारलं.

मुंबईतलं काम

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, डॉ. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा २००० सालापासून ताण, चिंता, डिप्रेशन आणि त्यावरची औषधं यांवर काम करते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून त्या येलला गेल्या आणि पीएचडी केली ती वर उल्लेख आलेल्या रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडेच. २०१५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कामातला एक धागा थेट आपल्या प्रश्नाशी जुळतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, आठवणी आणि भावना या दोन्हींशी जोडलेला. मोठ्या झालेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नवे न्यूरॉन तयार होत राहतात. ते ज्या मूळ पेशींपासून तयार होतात त्या दिसायला आणि त्यांच्यातल्या प्रथिनांवरून चक्क ॲस्ट्रोसाइटच्या भाऊबंद आहेत. म्हणजे नवा न्यूरॉन जन्मतो तो ग्लियासारख्या पेशीतून.

वैद्य यांच्या टीमने २००२ मध्ये दाखवलं की मेंदूतलं नॉरॲड्रेनॅलिन काढून टाकलं तर नव्या पेशी तयार होण्याचं प्रमाण घटतं. २०१० मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. डिप्रेशनच्या एका जुन्या औषधासोबत, नॉरॲड्रेनॅलिनचा ‘अल्फा-२’ नावाचा रिसेप्टर अडवणारं दुसरं औषध उंदरांना दिलं. हा रिसेप्टर या मूळ पेशींना ब्रेकसारखा असतो. ब्रेक काढल्यावर नव्या पेशी तयार होणं आणि उंदरांचं वागणं सुधारणं, दोन्ही नेहमीपेक्षा लवकर दिसलं.

म्हणजे जे आठवडे ‘वाया’ जातात असं आपल्याला वाटतं, त्या आठवड्यांत पेशी वाढण्याचं, जोडण्या बसण्याचं काम चालू असू शकतं. आणि कामाचा वेग किती, हे ठरवणारी यंत्रणा तपासता येते. मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन किती तयार होतात यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आलेल्या दोन अभ्यासांनी एकमेकांच्या अगदी उलट निष्कर्ष काढले.

गोळी ग्लियात काय करते?

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले मार्क रासेनिक यांच्या टीमचा २०१६ मधला प्रयोग मला यातला सगळ्यात रंजक वाटतो. त्यांनी उंदराच्या ग्लिया प्रकारच्या पेशी घेतल्या. या पेशींवर सेरोटोनिन ओढणारा तो पंप नसतोच. म्हणजे जुन्या कहाणीनुसार गोळीला इथे करण्यासारखं काही नाही.

तरीही गोळीने काम केलं. पेशीच्या आवरणावर चरबीचे घट्ट तुकडे असतात, पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांसारखे. बाहेरचा निरोप आत पोहोचवणारं एक प्रथिन या तराफ्यांत अडकून पडतं आणि मग ते नीट काम करत नाही. डिप्रेशनचं औषध या तराफ्यांत हळूहळू, दिवसांच्या हिशोबाने साठत गेलं. जसजसं साठलं तसतसं अडकलेलं प्रथिन सुटून कामाच्या जागी गेलं. याच टीमने २०१८ मध्ये अशाच पेशींवर केटामीन वापरून पाहिलं, तर प्रथिन सुटायला पंधरा मिनिटं पुरली.

केटामीन मूळचं भूल देण्याचं औषध. २००० साली येलमध्ये अगदी मोजक्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ते डिप्रेशनवर आठवड्यांऐवजी तासांत असर करतं. २०१९ मध्ये त्याच्याच भावंडाचा, एस्केटामीनचा, नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत मंजूर झाला, तोही दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायच्या अटीवर. कारण त्याने भास होऊ शकतात, रक्तदाब वाढतो आणि व्यसनही लागू शकतं.

इथेही ग्लिया पुन्हा भेटतात. २०१८ मध्ये चीनच्या हांगझोऊमधल्या हू हायलान यांच्या टीमने मेंदूतल्या ‘लॅटरल हॅबेन्युला’ या छोट्या केंद्राचा अभ्यास केला. निराशा झाली, अपेक्षित गोष्ट मिळाली नाही की हे केंद्र पेटतं. उदास वागणाऱ्या उंदरांत तिथल्या ॲस्ट्रोसाइटवर पोटॅशियम आत घेणारं एक दार गरजेपेक्षा जास्त प्रमाणात तयार झालेलं होतं. त्यामुळे शेजारच्या न्यूरॉनच्या विजेचा तोल बिघडून ते फटाक्याच्या माळेसारखे तडतडू लागले. केटामीनने ती माळ थांबवली.

एका ठिकाणी ॲस्ट्रोसाइट कमी पडतात, दुसऱ्या ठिकाणी जास्त काम करतात. ‘ग्लिया वाढवा, डिप्रेशन घालवा’ असं सरळ सूत्र म्हणूनच नाही.

मग ग्लियावरची गोळी कुठे आहे?

आज तरी नाही. प्रयत्न झाले आणि त्यांची हकिकत माहीत असलेली बरी, कारण उद्या कोणीतरी तुम्हाला ‘ब्रेन सेल रिपेअर’ नावाची कॅप्सूल विकायला येईल.

मायक्रोग्लियाचं घ्या. २०१५ मध्ये कॅनडात टोरंटोच्या संशोधकांनी डिप्रेशनच्या वीस रुग्णांचे मेंदूचे स्कॅन केले. मायक्रोग्लिया चेतलेल्या असण्याची खूण त्यांच्यात निरोगी लोकांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसली. मग सूज कमी करणारं औषध दिलं तर?

मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक मायक्रोग्लियांना शांत करतं आणि प्राण्यांवर त्याचे निकाल आशादायक होते. जर्मनीत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या दीडशेहून जास्त रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: खोट्या गोळीपेक्षा फायदा नाही. ग्लुटामेट आवरायला मदत करणाऱ्या रिल्युझोलचंही असंच झालं, उंदरांत चांगलं आणि माणसांच्या चाचणीत फिकं.

पण २०१३ मधली एक चाचणी वेगळं काही सांगते. सांधेदुखीत वापरलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅब हे सूजविरोधी औषध साठ रुग्णांना देऊन तपासलं. सगळ्यांची सरासरी काढली तर फायदा शून्य. मात्र ज्यांच्या रक्तात सुजेची खूण आधीच जास्त होती, त्यांच्यात सुधारणेचा कल दिसला. म्हणजे डिप्रेशन हे एक नाव असलं तरी आतले बिघाड वेगवेगळे असू शकतात. कोणाचा बिघाड ॲस्ट्रोसाइटमध्ये, कोणाचा सुजेत, कोणाचा आणखी कुठे. एकच पॅच सगळ्या फोनना चालत नाही, तसं. उद्याचं संशोधन कदाचित नव्या गोळीआधी ‘कोणाला कोणती गोळी’ हे सांगणारी तपासणी देईल.

गागोदे बुद्रुकमध्ये बसून याचा काय उपयोग?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक म्हणजे विनोबा भावे यांचं जन्मगाव. अशा एखाद्या गावातला मुलगा किंवा मुलगी डोळ्यासमोर आणा. हिंमत करून पेणला किंवा अलिबागला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या मिळाल्या. दहा दिवस झाले, फरक नाही. पुन्हा जायचं तर एक दिवस मोडतो, गाडीभाडं लागतं, घरी कारण सांगावं लागतं. हातात मात्र फोन आहे आणि फोनवर ते रील आहे. गोळी सुटते ती बहुतेक वेळा अशी.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांत पाहणी झाली. त्यानुसार दर वीस जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जो एक जण डॉक्टरपर्यंत पोहोचला, तो दहाव्या दिवशी चुकीच्या माहितीमुळे परत फिरू नये, एवढ्यासाठी हा लेख.

म्हणून काही कामाच्या गोष्टी:

१. पहिल्या दहा दिवसांत बरं वाटलं नाही म्हणजे गोळी फुकट गेली असं नाही. पेशींच्या पातळीवरचं काम आठवड्यांचं आहे. चार-सहा आठवडे नियमित घेऊनही काहीच फरक नसेल, तर डोस किंवा औषध बदलता येतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

२. मळमळ, झोपेत बदल, अस्वस्थपणा हे सुरुवातीला होऊ शकतं आणि बऱ्याच जणांचं काही दिवसांत कमी होतं. त्रास सहन होत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, करंट लागल्यासारखं वाटणं असे त्रास होतात, म्हणून बंद करायचीही पद्धत असते. डोस हळूहळू उतरवतात.

३. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिले काही आठवडे घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा. या वयात सुरुवातीच्या काळात काही जणांमध्ये जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, असा इशारा या औषधांवर दिलेला असतो. तसं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी संपर्क करायचा.

४. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. ठाण्याला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. प्रत्येक वेळी प्रवास शक्य नसेल तर ‘टेलि-मानस’ला फोन लावा: १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. “दहा दिवस झाले, फरक नाही, काय करू?” हा प्रश्न तिथे विचारायला अगदी योग्य आहे.

५. ‘ग्लिया बूस्टर’, ‘न्यूरॉन रिपेअर’ अशा नावाने ऑनलाइन काही दिसलं तर पैसे वाचवा. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवरचे आहेत. माणसांच्या मोठ्या चाचणीत टिकलेली ग्लियावरची कॅप्सूल अजून बाजारात आलेली नाही.

आणि कोणी ते रील तुम्हाला फॉरवर्ड केलं, तर उत्तर दोन वाक्यांत देता येईल. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं, हे सिद्ध झालेलं नाही, बरोबर आहे. पण गोळी सेरोटोनिनच्या पलीकडे, ग्लियांपर्यंत काय काय करते हे आत्ता कुठे कळायला लागलंय, आणि ते काम दहा दिवसांत होत नाही.